दात नसलेल्यांची पंगत

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती पहिल्यांदा कुणी सांगितली हे आता कुणालाच आठवत नाही. आणि आठवत नाही म्हणूनच ती सगळ्यांची झाली आहे.

त्या काळी उंचावरच्या एका उघड्या सड्यावर एक गाव होतं. सडा म्हणजे नुसता कातळ. सपाट, कडक, उन्हाने तापला की तव्यासारखा. माती औषधालासुद्धा नव्हती. कुणाच्या पायाला माती लागलेली दिसली की लोक विचारत, "परगावी जाऊन आलात वाटतं?"

तरीही त्या गावात दारोदारी हिरवी भाजी होती. कारण प्रत्येक घराच्या वळचणीला एक डेरा होता. रुंद तोंडाचा, मातीचा, बुडाला भोकं पाडलेला आणि तीन दगडांवर बसवलेला. त्या डेऱ्यात गांडुळं राहत. घरातली सालं, देठं, वाळका पाला, शिळं शेण असं सगळं ती खात आणि त्याची काळी, भुसभुशीत माती करून देत. कातळावर दगडांची कडी रचायची, त्यात ती माती भरायची, की झाला वाफा.

"देवाने आम्हाला जमीन दिली नाही. आम्ही ती केली," असं तिथले लोक म्हणत आणि म्हणताना मिशीवरून हात फिरवत. बायकांना मिशा नव्हत्या. त्या पदर खोचत.

या गावाची एक रीत होती. घरात पहिलं मूल झालं, की बारशाच्या दिवशी घरातली वडीलधारी बाई आपल्या डेऱ्यातली ओंजळभर गांडुळं त्या नव्या आईच्या नव्या डेऱ्यात सोडायची. पुढे मुलाचं उष्टावण व्हायचं, तेव्हा त्याच्या तोंडात पडणारा पहिला घास त्याच डेऱ्याच्या मातीत उगवलेल्या भाजीचा असायला हवा. आईचा डेरा फळला नाही, तर घास शेजारून आणावा लागे. मग ते मूल जन्मभर 'उसन्या घासाचं'. शिवी नव्हती ती. पण पाठीवर बसलेल्या माशीसारखी असायची. हाकलता येत नाही आणि विसरताही येत नाही.

तर या गावात येसू नावाची एक सून आली.

येसू खालच्या नदीकाठची, गाळगावची. तिथली माती अशी, की चघळून टाकलेल्या बोराच्या बीचंही झाड व्हायचं. वडिलांनी तिला हौसेने लिहायला-वाचायला शिकवलं होतं. पोथ्यांमधून तिने ग्रह वाचले होते, औषधं वाचली होती, हत्तींचे आजारसुद्धा वाचले होते. गांडुळांवर मात्र कुणी पोथी लिहिलेली नव्हती.

गाळगावची दुसरी ख्याती म्हणजे आग्रह. तिथे पाहुणा 'पुरे' म्हणाला, की तो 'वाढा' म्हणाला असं धरत. त्याने ताटावर हात आडवा धरला, तर हातावर वाढत. जेवणानंतर जो पाहुणा भिंतीला धरून उठला नाही, त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी माणूस जायचा, "काल काही कमी पडलं का?" असं विचारायला.

येसूला मुलगी झाली. नाव ठेवलं ठकी. बारशाला येसूच्या नवऱ्याच्या आत्याबाईंनी, म्हणजे घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईंनी, नव्या डेऱ्यात ओंजळभर गांडुळं सोडली आणि त्या म्हणाल्या, "लेकरासारखं बघ त्यांच्याकडे."

एवढंच. पुढे काही सांगण्यासारखं आहे असं आत्याबाईंना वाटलं नाही. मासा आपल्या पिल्लांना पाण्याबद्दल काय सांगणार?

येसूला पुष्कळ विचारायचं होतं. पण 'शिकलेली सून, आणि हेही येत नाही?' असं कुणी म्हणालं तर? कुणी म्हणालं नव्हतं. येसूने ते आधीच ऐकून ठेवलं होतं. तिने नुसती मान डोलावली.

आणि ती गांडुळांकडे लेकरासारखं बघू लागली.

ठकी झोपली की येसू तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायची. मग बाहेर येऊन डेऱ्यावरचं गोणपाट उचलून गांडुळं हलताहेत ना ते बघायची. हलत नसली तर काडीने हलवायची. हलत असली तर, 'इतकी का हलताहेत?' म्हणून पुन्हा बघायची. ठकीला पाजून झालं की डेऱ्यातही काहीतरी घालायची. सकाळी भोपळ्याचं अख्खं बूड, दुपारी वरणभात. सणाला तिने पुरणपोळी घातली, वर तूप. तोंडाला चव यावी म्हणून लिंबाची फोडही ठेवली. ऊन वाढलं तेव्हा, 'बिचारी तहानेली असतील' म्हणून तांब्यावर तांब्या पाणी ओतलं.

"अगं, खा ना," ती डेऱ्यात वाकून म्हणायची. "काल दिलेलं तसंच आहे! आवडलं नाही का? थांबा, दुसरं आणते."

आधी डेऱ्याला आंबूस वास येऊ लागला. मग आतलं सगळं गरम लागू लागलं. मग मुंग्या आल्या. आणि एके दिवशी गांडुळं डेऱ्याच्या आतल्या कडेने वर चढू लागली. गोणपाटाच्या फटीतून बाहेर पडू लागली. खाली कोंबड्या उभ्याच होत्या. कोंबड्या शेजारच्या सगुणावहिनींच्या, म्हणजे येसूच्या थोरल्या जावेच्या. त्या दिवसांत कोंबड्या अंगाने चांगल्याच भरल्या.

"येसू," कुंपणावरून सगुणावहिनींनी हाक मारली, "तुझ्या डेऱ्याला वास येतोय, की माझं नाक बिघडलंय?"

"तुमचं नाक ठणठणीत आहे, वहिनी."

"मग डेरा बिघडलाय म्हण की. उष्टावण तोंडावर आलं, बरं का! आमच्या घराण्यात एक गोंदाभावजी पुरे आहेत."

हे लागलं. कारण गोंदाभावजी म्हणजे येसूचा नवरा, आणि तो स्वतः उसन्या घासाचा होता. त्याच्या वेळी त्याची आई तापाने अंथरुणाला खिळली होती आणि डेरा वाळून गेला होता. गोंदा कामाचा माणूस, अख्ख्या गावात त्याच्यासारखी दगडी कडी कुणाला रचता येत नसे. तरी गावजेवणात कुणीतरी हमखास विचारायचं, "काय गोंद्या, आज घास कुणाचा?" सगळे हसायचे. गोंदाही हसायचा. पण येसूने पाहिलं होतं, तो हसायचा ते सगळ्यांचं हसून झाल्यावर.

"मला काय झालं?" तो येसूला म्हणाला. "हात-पाय शाबूत आहेत. ठकीलाही काही होणार नाही."

"तुम्हाला काही झालं नाही असं तुम्हीच इतक्यांदा सांगता, म्हणून तर भीती वाटते," येसू म्हणाली.

तिला खरी भीती वेगळीच होती, ती तिने सांगितली नाही. जिला गांडुळं सांभाळता येत नाहीत, तिच्या हाती माणसाचं पोर दिलंय. कुणाच्या कसं लक्षात आलं नाही हे?

भर दुपारी ती ठकीला कडेवर घेऊन डेऱ्याशी आली. डेऱ्याच्या काठावर एक म्हातारं गांडूळ डोकं वर काढून बसलं होतं. आता कुणी म्हणेल, गांडुळाचं डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं ते कसं कळलं? जे टोक बोललं, ते डोकं.

"आम्ही निघालो," ते म्हणालं.

येसू डेऱ्यावर वाकली. "का? काय कमी केलं मी तुम्हाला?"

"कमीच केलं नाहीस," गांडूळ म्हणालं. "तेच तर दुखणं आहे. बाई, आमच्या घराण्याने हा कातळ हिरवा केला. राजे आले, गेले. त्यांनी किल्ले बांधले, ते पडले. आम्ही केलेली माती आहे अजून जागेवर. असल्या घराण्याला तू पुरणपोळीखाली गाडलंस."

"मला वाटलं, आवडेल."

"कुणाला? आम्हाला दात नाहीत."

येसूने ठकीकडे पाहिलं. तिच्या कडेवर ठकी आपली मूठ तोंडात घालून हिरड्यांनी चावत होती. लाळ येसूच्या खांद्यावर गळत होती. ठकीच्या उष्टावणाचा भात कसा करायचा हे येसूने केव्हाच ठरवलं होतं. तांदूळ धुवायचे, सावलीत वाळवायचे, भरडायचे, पातळ शिजवायचे आणि वर फडक्यातून गाळून घ्यायचे. एक कणी राहता कामा नये. आणि इथे या बिनदातांच्या पुढ्यात तिने भोपळ्याचं अख्खं बूड ठेवलं होतं.

"मग तुम्ही खाता कसं?" तिने विचारलं. इतक्या दिवसांत काही शिकून घ्यायला तिने विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

गांडूळ जरा सरसावून बसलं. विचारलेलं त्याला आवडलं. "आमच्या आधी दुसरे जेवतात. इतके बारीक, की ते कुणाला दिसत नाहीत. ते अन्न मऊ करतात. कुजवतात म्हण हवं तर, आम्हाला राग नाही. त्यांची पंगत उठली की आमची बसते. तू त्यांची पंगत उठायच्या आत दुसरं ताट आणतेस, ते संपायच्या आत तिसरं. मग सगळं तापतं आणि आंबतं. त्यात तुझं मीठ, तुझं तूप, तुझं लिंबू. कातडी सोलवटते आमची."

"आणि पाणी?"

"आम्ही अंगाने श्वास घेतो. अंगच बुडवलंस, तर श्वास कुठून घ्यायचा?"

येसूचं बोट नकळत ठकीच्या नाकाशी गेलं.

"खाली आमचे कोश आहेत," गांडूळ हळू आवाजात म्हणालं. "मोहरीएवढे, मधाच्या रंगाचे. त्यातली पोरं अजून बाहेर आली नाहीत. ती कुठे जाणार? त्यांना पाय नाहीत. म्हणजे, आम्हाला कुणालाच नाहीत म्हणा."

येसूने नारळाची एक नरोटी घेतली, तिच्यात ओलं पान ठेवलं आणि म्हाताऱ्याला त्यात अलगद ठेवून सावलीत सरकवलं. "एवढा वेळ बसा," ती म्हणाली. "मी आत आवरते. पटलं तर राहा. नाही पटलं, तर सगुणावहिनींच्या डेऱ्यापर्यंत मी स्वतः पोचवीन. कोंबड्यांना बाजूला सारून."

तिने ठकीला गोधडीवर ठेवलं आणि पदर खोचला. डेऱ्यातलं आंबलेलं सगळं बाहेर काढून दूर उन्हात पसरलं. त्यातला एकेक कोश आणि एकेक जिवंत गांडूळ वेचून घेतलं. बुडाची भोकं चिखलाने बुजली होती, ती काडीने मोकळी केली. नारळाची सोडणं भिजवून, पिळून, पिंजून खाली अंथरली. फडकं पिळल्यावर जसं ओलं राहतं, पण थेंब पडत नाही, तसं. त्यावर चुरलेला वाळका पाला, त्यावर शिळं, थंड शेण. मग गांडुळं आणि कोश. वर गोणपाट.

म्हाताऱ्याला शेवटी सोडलं. ते सरळ आत गेलं.

संध्याकाळी येसू आत्याबाईंपुढे जाऊन उभी राहिली. "आत्याबाई, माझा डेरा मी बिघडवला. नीट लावलाय आता, पण वेळ लागेल."

"लागू दे. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात. पाचवा हुकला तर सातवा धरू." मग आत्याबाईंनी डोळे बारीक केले. "मला आधी का नाही विचारलंस गं?"

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

 आत्याबाईच आधी हसल्या. "आता विचार."

येसूने विचारलं. इतकं विचारलं, की आत्याबाईंचं जपाला बसणं राहून गेलं.

त्यानंतर येसू डेऱ्याच्या एकाच कोपऱ्यात वाढू लागली. सालं बारीक चिरायची, सावलीत मलूल होऊ द्यायची, मग मूठभर पुरायची आणि वर पाला पसरायची. अंड्याची टरफलं कुटून चिमूटभर. ते संपलेलं दिसेपर्यंत दुसरं नाही. सगळ्यात अवघड काम होतं न बघण्याचं. हात आपोआप गोणपाटाकडे जायचा. तेव्हा ती तोच हात ठकीच्या झोळीच्या दोरीला लावायची. झोळी त्या दिवसांत फार हलली. ठकीला त्याची तक्रार नव्हती.

आंबूस वास गेला. मुंग्या गेल्या. कोश फुटले आणि दोऱ्यासारखी पांढुरकी पिल्लं दिसू लागली. पण माती व्हायला तिचा वेळ लागतो, आणि सातवा महिना काही कुणासाठी थांबत नाही. ठकी आता बसू लागली होती आणि कुणीही जेवायला बसलं की त्याच्या ताटाकडे झेप घेत होती. भाजी उगवायची, तर बी आत्ताच पेरायला हवं होतं.

डेऱ्यात माती झाली होती का? बघायचं तर सगळं उपसायला हवं, आणि झाली नसेल तर उपसण्याने बिघडेल. 

एका संध्याकाळी सगुणावहिनी कुंपणापाशी आल्या. पदराखाली टोपली होती, आणि तिच्यात काळीभोर माती.

"घे. माझ्या डेऱ्यातली आहे. तुझ्या वाफ्यात टाक आणि बी पेर. मातीवर काही नाव लिहिलेलं नसतं."

येसू टोपलीकडे बघत राहिली. कुणालाही कळलं नसतं. गोंदाच्या मागचं ते हसणं ठकीच्या मागे लागलं नसतं. तिचा हात टोपलीच्या काठापर्यंत गेलासुद्धा.

"वहिनी," ती म्हणाली, "तुम्ही आणलीत, हे मी विसरणार नाही. लागली तर उसनी म्हणून घेईन, आणि गावात तसं सांगेन. माझी म्हणून नाही घेणार."

"पोरीला जन्मभर बोलतील."

"बोलू देत. ती त्यांच्याबरोबर हसेल, नाही तर भांडेल. पण आईने पहिल्याच घासाला खोटं वाढलं, हे तिला कधी कळलं, तर ती काय करेल?"

 सगुणावहिनी टोपली खाली ठेवून कुंपण ओलांडून आत आल्या. "चल, बघू तुझा डेरा. दोघींनी अलगद उपसला तर लवकर होईल आणि बिघडणारही नाही. आणि ती कोंबड्यांची गोष्ट मनात ठेवू नकोस. मी हाकलायला हव्या होत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या कोवळ्या उन्हात दोघींनी गोणपाटावर डेरा रिता केला आणि त्याचे छोटे छोटे ढीग केले. गांडुळांना उजेड नको असतो. ती ढिगांच्या तळाशी गेली. दोघींनी वरून ओंजळीने काढायला सुरुवात केली, थोडं थांबून पुन्हा काढलं, पुन्हा थांबल्या. येसूने पहिली ओंजळ वर धरली.

काळी होती. चहूकडून सारखी. बोटांत धरली की गोळा व्हायची, सोडली की सुटायची. सालाची खूण नाही, देठाची खूण नाही, आंबूसपणाचा मागमूस नाही. तिला घनदाट झाडीतल्या सावलीचा वास होता, आणि त्या कातळावर तर झाडीच नव्हती.

येसूने ती ओंजळ आधी आत्याबाईंना दाखवली, मग गोंदाला, मग ठकीच्या नाकाशी नेली. ठकीने ती खायचा प्रयत्न केला.

"उष्टावण अजून व्हायचंय गं," आत्याबाई म्हणाल्या.

वाफा गोंदाने रचला. एवढा ताठ आणि देखणा वाफा गावात आजवर कुणी पाहिला नव्हता. त्यात येसूने तांबडा माठ पेरला. माठ लवकर येतो, आणि आला तो लालबुंद, बोटबोट उंच.

उष्टावणाला गाव जमलं. पहिला घास भरवायचा मान मामाचा, म्हणून गाळगावहून येसूचा थोरला भाऊ आला होता. पाटावर ठकी बसली. चांदीच्या वाटीत गाळलेला भात, त्यात वाटून शिजवलेला माठ. भात गुलाबी झाला होता.

मामाने पहिला घास ठकीच्या तोंडात घातला. सगळे श्वास रोखून बघू लागले. ठकीने तो जिभेवर फिरवला, कपाळाला आठ्या घातल्या, गिळला आणि पुढे झेपावून 'आ' केला. एकच हशा झाला. गोंदाही हसला, सगळ्यांच्या आधी. मामाने दुसरा दिला, तिसरा दिला. मग ठकीने ओठ घट्ट मिटले आणि तोंड फिरवलं.

"अगं, अजून एक!" मामाला गाळगावचं रक्त गप्प बसू देईना. "मामाचा एक! मामीचा एक! माझ्या गळ्याची शपथ, ठकूबाई, एवढा एकच—"

येसूने भावाचा हात धरला. वाटी काढून घेतली आणि खाली ठेवली.

"दादा, पुरे म्हणाली ती."

"अगं, ती कुठे काय बोलली?"

"तोंड मिटलं ना. तेच बोलणं आहे तिचं. आता तिची पंगत उठली."

आत्याबाईंनी मान वर करून सगळ्या गावाकडे असं पाहिलं, जणू ही सून त्यांनी स्वतः कातळातून कोरून काढली होती.

पुढच्या बारशाला गांडुळं सोडायची वेळ आली, तेव्हा ती येसूच्या डेऱ्यातून मागून नेली. त्यानंतरच्या बारशालाही. आणि नव्या आईच्या डेऱ्यात ओंजळ सोडताना 'लेकरासारखं बघ' एवढ्यावर थांबायचं नाही, अशी नवी रीत पडली. शेजारी बसायचं, आणि तिचं विचारून संपेपर्यंत उठायचं नाही. त्या गावात मग कुणाचाच घास उसना राहिला नाही. आणि ते हसणंही हळूहळू विरून गेलं, कारण ज्याला हसावं असं कुणी उरलं नव्हतं.

बोध एवढाच: वाढावं ते वाढणाऱ्याच्या हौसेने नव्हे, जेवणाऱ्याच्या पोटाने.